सी प्रोग्राममध्ये मराठी यादीचा क्रम पुन्हा पुन्हा बिघडतो: कारण कुठे शोधायचं, पक्का इलाज कोणता

तक्रार साधारण अशी येते. ग्रंथालयाच्या सभासदांची यादी वर्णानुक्रमे लावणारा सी मधला छोटासा प्रोग्राम आहे. लॅपटॉपवर टर्मिनलमधून चालवला की यादी ठीक लागते. तोच प्रोग्राम सर्व्हरवर रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालला की क्रम वेगळा. कुणीतरी कोडमध्ये काहीतरी बदलतं, चार दिवस बरं चालतं, मग सर्व्हर अपग्रेड होतो किंवा प्रोग्राम डॉकरमध्ये, म्हणजे स्वतःची वेगळी छोटी सिस्टिम असलेल्या कंटेनरमध्ये, जातो आणि पुन्हा तेच. त्यातच बीसर्चला, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत शोध घेणाऱ्या सी च्या फंक्शनला, यादीत डोळ्यांसमोर दिसणारं नाव सापडत नाही, ही दुसरी तक्रार सोबत येते.

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: क्रम कोणत्या नियमाने लावायचा हे प्रोग्रामने ठरवलेलंच नसतं, ते आजूबाजूच्या वातावरणावर सोडलेलं असतं. म्हणून कोडला हात लावण्याआधी सध्या कोणता नियम लागू आहे ते शोधा.

आधी चार ओळींची चाचणी

एक छोटी फाइल करा. तिच्या दोन ओळींत इंग्रजी अक्षरं: एकीत मोठ्या लिपीतला झेड, दुसरीत छोट्या लिपीतला ए. आणखी दोन ओळींत काळे आणि कासार ही आडनावं. ही फाइल तुमच्याच प्रोग्रामला द्या, आणि तो जिथे बिघडतो तिथेच चालवा, म्हणजे क्रॉनमध्ये, कंटेनरमध्ये, सर्व्हरवर. लॅपटॉपवरचं उत्तर इथे कामाचं नाही.

मोठा झेड छोट्या ए च्या आधी आला तर तुलना बाइटनुसार होते आहे. आस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संकेत-तक्त्यात, मोठ्या झेडचा आकडा ९० आणि छोट्या ए चा ९७, एवढंच त्याचं कारण. छोटा ए आधी आला, पण काळे अजून कासारच्या आधी आहे, तर कोणतं तरी लोकेल (भाषा आणि प्रदेशानुसार क्रम, आकडे वगैरेंचे नियम) लागू झालं आहे, मात्र मराठीचं नाही. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय क्रमात ळ हा ल च्या लगेच मागे आणि व, श, स यांच्या आधी येतो. कासार आधी आणि काळे नंतर आलं, तरच आपल्या वर्णमालेतला ह, ळ, क्ष, ज्ञ हा शेवट प्रोग्रामपर्यंत पोहोचला असं समजा.

या तीन उत्तरांपैकी कोणतं मिळालं त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

पहिलं उत्तर: तुलना बाइटनुसार होते आहे

दोन मजकूर ताडणारं सी चं साधं फंक्शन स्ट्रकम्प वापरलं असेल तर हे होणारच. स्ट्रकम्पला भाषा कळत नाही, ते दोन्ही मजकुरांचे बाइट अनसाइन्ड कॅरॅक्टर म्हणून एकेक करून ताडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक संकेतांक असतो, आणि तो बाइटांत लिहिण्याची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिची रचनाच अशी आहे की बाइटांचा क्रम आणि संकेतांकांचा क्रम एकच निघतो. त्यामुळे मराठीत बरंचसं बरोबर लागतं आणि चूक पटकन ध्यानात येत नाही. कदम, खरे, गोखले हे ओळीने येतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

बिघाड दिसतो तो ठरावीक ठिकाणी. ळ चा संकेतांक ०९३३, ल चा ०९३२, श चा ०९३६, स चा ०९३८. म्हणून काणे, काळे, काशीकर, कासार असा क्रम लागतो. वर्णमालेनुसार तो काणे, काशीकर, कासार, काळे असा हवा. क्ष ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा नाही. तो क, हलन्त आणि ष असे तीन संकेतांक जोडून होतो, त्यामुळे क्षीरसागर थेट क च्या गटात, खरे यांच्या आधी जाऊन बसतात. ज्ञ चंही तेच, तो ज मध्ये सापडतो.

सगळ्यात ठळक उदाहरण ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं आणि त्याला ०९७२ हा संकेतांक मिळाला. तोवर स्वरांच्या शेजारच्या जागा भरलेल्या होत्या. ह चे यूटीएफ-८ मधले बाइट २२४, १६४, १८५ आणि ॲ चे २२४, १६५, १७८. दुसऱ्याच बाइटला १६४ विरुद्ध १६५ असा निकाल लागतो आणि विषयसूचीत ‘ॲलोपॅथी’ ‘होमिओपॅथी’च्याही मागे जाते. १ ते ९ हे मराठी आकडेसुद्धा तिच्या आधी येतात.

इलाजाची पहिली पायरी म्हणजे स्ट्रकम्पच्या जागी स्ट्रकोल, म्हणजे लोकेलच्या नियमाने तुलना करणारं फंक्शन. पण बहुतेक जण इथेच थांबतात आणि फरक पडला नाही म्हणून हैराण होतात. सी प्रोग्राम सुरू होतो तेव्हा तो नेहमी ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्येच असतो, सिस्टिमची भाषा काहीही असो. त्या लोकेलमध्ये स्ट्रकोल आणि स्ट्रकम्प व्यवहारात एकच उत्तर देतात. लोकेल बदलणारं फंक्शन सेटलोकेल बोलावल्याशिवाय स्ट्रकोलचा उपयोग शून्य.

सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग दिली तर ते एन्व्हायरन्मेंटकडे, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबलांकडे, बघतं: आधी एलसी_ऑल, ते नसेल तर एलसी_कोलेट, तेही नसेल तर लँग. टर्मिनलमध्ये लॉगिनच्या वेळी लँग भरलेलं असतं. क्रॉनला मात्र फार तुटपुंजं एन्व्हायरन्मेंट मिळतं आणि लँग त्यात असेलच असं नाही. ते नसलं की कोड तोच, मशीन तेच, तरी प्रोग्राम रात्री मूळ लोकेलमध्ये चालतो. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिसेसबाबतही हेच तपासा. दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आलात तर अनेक ठिकाणी तुमच्या लॅपटॉपचं लँग सोबत येतं, त्यामुळे हाताने चालवताना सगळं सुरळीत दिसतं आणि शोध भलतीकडे जातो.

दुसरी गोष्ट, सेटलोकेल काय परत देतं ते तपासा. मागितलेलं लोकेल मशीनवर नसेल तर ते नल परत देतं आणि लोकेल आहे तसंच ठेवतं. ना एरर, ना इशारा. मी पाहिलेल्या अशा कोडमध्ये ही एक तपासणी जवळजवळ नेहमीच गायब असते, आणि ती असती तर निम्म्या तक्रारी पहिल्याच दिवशी सुटल्या असत्या. नल आलं तर प्रोग्रामने स्पष्ट संदेश देऊन थांबावं. चुकीच्या क्रमाची यादी छापून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मशीनवर कोणती लोकेलं आहेत ते ‘लोकेल’ कमांडला ए हा पर्याय देऊन दिसतं. डेबियन आणि उबंटूवर ‘लोकेल.जेन’ फाइलमध्ये एमआर_आयएन (मराठी, भारत) यूटीएफ-८ या ओळीपुढची # खूण काढायची आणि लोकेल-जेन चालवायचं. डॉकरच्या सडपातळ डेबियन प्रतिमांमध्ये सहसा सी, सी.यूटीएफ-८ आणि पॉझिक्स एवढीच असतात. सी.यूटीएफ-८ या नावाने फसू नका. त्यात अक्षरं यूटीएफ-८ म्हणून ओळखली जातात, पण क्रम संकेतांकांचाच राहतो.

कंटेनरांत वापरलं जाणारं छोटं लिनक्स आल्पाइन, त्याची गोष्ट वेगळी. तिथली सी लायब्ररी मसल, आणि मसलमध्ये स्ट्रकोल आतून सरळ स्ट्रकम्पच बोलावतं. कितीही लोकेलं मागा, क्रम बाइटांचाच मिळणार. आल्पाइनवर मराठी क्रम हवा असेल तर शेवटी दिलेल्या दोन मार्गांपैकी एक घ्यावाच लागेल. मॅकवरही यूटीएफ-८ च्या बऱ्याच लोकेलांचा क्रम वर्षानुवर्षं आस्कीच्या साध्या तक्त्याला जोडलेला आहे, तेव्हा मॅकवर लिहून लिनक्सवर चालवणाऱ्यांनी मॅकवरच्या चाचणीवर विसंबू नये.

चाचणीत आणखी एक उत्तर कधीतरी दिसतं: देवनागरी नावं इंग्रजी नावांच्याही आधी येतात. असं झालं तर बहुधा कुणीतरी स्वतःच तुलना लिहिली आहे आणि साध्या कॅरॅक्टरची वजाबाकी केली आहे, असं समजा. इंटेलच्या मशीनवर साधा कॅरॅक्टर सहसा साइन्ड असतो, त्यामुळे २२४ हा बाइट उणे ३२ होतो. लिनक्स चालवणाऱ्या एआरएम मशीनवर तो अनसाइन्ड असतो, म्हणून रास्पबेरी पायवर तेच कोड वेगळा क्रम देतं. वजाबाकीआधी अनसाइन्डमध्ये बदला, किंवा ते फंक्शनच काढून टाका.

दुसरं उत्तर: लोकेल आहे, पण मराठी नाही

सर्व्हरचं लँग बहुधा ईएन_यूएस किंवा ईएन_आयएन, म्हणजे इंग्रजीचं, असतं, आणि सेटलोकेलला रिकामी स्ट्रिंग दिल्यामुळे तेच उचललं जातं. प्रोग्राम मराठी यादीसाठीच असेल तर रिकामी स्ट्रिंग देऊ नका, एमआर_आयएन.यूटीएफ-८ हे नाव स्पष्ट द्या. वापरणाऱ्याच्या आवडीनुसार बदलावा असा क्रम असेल तेव्हा रिकामी स्ट्रिंग ठीक. ग्रंथालयाच्या छापील यादीचा क्रम ती कुणी चालवली यावर ठरता कामा नये.

एलसी_ऑलला हात घालण्यापेक्षा एलसी_कोलेट आणि एलसी_सीटाइप ही दोनच बदला. सगळं बदललं की आकड्यांचं दशांशचिन्हही लोकेलप्रमाणे बदलतं, आणि जर्मन लोकेल असलेल्या मशीनवर प्रोग्राम १२.५० च्या जागी स्वल्पविराम छापू लागतो. ही दोन मात्र एकत्रच आणि एकाच एन्कोडिंगची ठेवा. एक यूटीएफ-८ आणि दुसरं मूळ ‘सी’ असलं तर तुलनेच्या उत्तराची कसलीच हमी नाही.

थ्रेड असलेल्या प्रोग्राममध्ये सेटलोकेल मधूनच बोलावू नका, ते अख्ख्या प्रोसेसला लागू होतं. लायब्ररी लिहीत असाल तर मुळीच नको. पॉझिक्स या युनिक्स-सारख्या सिस्टिमांच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत न्यूलोकेल आणि स्ट्रकोल_एल आहेत. लोकेल एकदा तयार करून हातात ठेवायचं आणि प्रत्येक तुलनेला सोबत द्यायचं.

नाव दिसतं, पण सापडत नाही

बीसर्चची तक्रार याच घरातली आहे. यादी स्ट्रकोलने लावली आणि शोध स्ट्रकम्पने घेतला, तर बीसर्च मध्यावर जाऊन चुकीच्या दिशेला वळतं. ‘काळे’ शोधताना ‘कासार’पाशी पोहोचलं की स्ट्रकम्प सांगतं, काळे आधी आहे, मागे जा. प्रत्यक्षात तो पुढे असतो. काही नावं सापडतात आणि काही नाहीत, म्हणून मेमरीचा घोळ असेल अशी शंका येते आणि व्हॅलग्राइंड (मेमरीतल्या चुका शोधणारं साधन) चालवण्यात वेळ जातो. यादी लावणाऱ्या आणि शोधणाऱ्या दोघांना एकच तुलना-फंक्शन द्या. दोन्ही वेळी लोकेलही तेच हवं.

फाइल बाहेरच्या सॉर्ट कमांडने लावली असेल तर तीही तपासा. ग्नूच्या सॉर्टला डीबग हा पर्याय दिला की कोणता क्रम वापरला ते ती स्वतः सांगते. फाइल फक्त यंत्राने वाचायची असेल, माणसाने नाही, तर एलसी_ऑल मूळ ‘सी’ ठेवून सॉर्ट करा आणि आत स्ट्रकम्प वापरा. तो क्रम कोणत्याही मशीनवर बदलत नाही, आणि अशा कामाला मी दरवेळी तोच घेतो.

क्यूसॉर्टमध्ये, म्हणजे ॲरे क्रमाने लावणाऱ्या सी च्या फंक्शनमध्ये, नेहमी होणारी आणखी एक चूक म्हणजे स्ट्रकोल थेट तुलना-फंक्शन म्हणून देणं. स्ट्रिंगच्या पॉइंटरांचा ॲरे असेल तर क्यूसॉर्ट तुमच्या फंक्शनला स्ट्रिंग देत नाही, त्या पॉइंटरचा पत्ता देतो. कास्ट करून कंपायलरला गप्प केलं तर प्रोग्राम चालतो आणि पत्त्यांचे बाइट ताडत बसतो. मग क्रम दर वेळी वेगळा आला तरी नवल नाही. मधे स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, त्यात एक पायरी आत जाऊन स्ट्रिंग काढा आणि मग स्ट्रकोलला द्या. स्ट्रकोलने शून्य दिलं तर लगेच स्ट्रकम्पने निकाल लावा. क्यूसॉर्ट समान घटकांचा मूळ क्रम राखेल अशी हमी मानकात नाही, त्यामुळे ही शेवटची ओळ नसेल तर तीच यादी दोन मशीनवर किंचित वेगळी छापली जाऊ शकते.

यादी मोठी असेल तर स्ट्रकोल जड पडतं. एक लाख नावांना साधारण १६-१७ लाख तुलना लागतात, आणि दर तुलनेत तेच नाव पुन्हा नव्याने उलगडलं जातं. इथे स्ट्रएक्सफ्रम वापरा: प्रत्येक नावाची क्रम-किल्ली एकदाच काढायची आणि मग किल्ल्या स्ट्रकम्पने ताडायच्या. लांबी शून्य देऊन एकदा बोलावलं की किती जागा लागेल ते कळतं, तेवढी अधिक एक घेऊन पुन्हा बोलवायचं. या किल्ल्या फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये साठवू नका. त्या त्या लोकेलच्या आणि लायब्ररीच्या त्याच आवृत्तीपुरत्या असतात.

अपग्रेडनंतर बिघडलं

ग्नू सी लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, ऑगस्ट २०१८ मध्ये, क्रमाचा तक्ता आयएसओ १४६५१ च्या नव्या आवृत्तीनुसार बदलला. डेबियन ९ वरून १० वर, उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर, रेड हॅट ७ वरून ८ वर जाताना ही सीमा ओलांडली जाते. पोस्टग्रेससारखे डेटाबेस मजकुराचे इंडेक्स या लायब्ररीच्या क्रमावर बांधू शकतात. तसे बांधलेले जुने इंडेक्स नव्या क्रमाशी जुळेनासे झाले आणि ते पुन्हा बांधावे लागले. तुमच्या प्रोग्रामने लावून ठेवलेल्या फाइलींचंही तसंच होतं.

मशीन सीमेच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहायला सोपी खूण आहे. ईएन_यूएस लोकेलमध्ये, इंग्रजी आकड्यांत, ‘एक डॅश एक’ आणि ‘अकरा’ या दोन ओळी सॉर्ट करा. जुन्या लायब्ररीत अकरा आधी येतो, कारण तिथे डॅशकडे आधी दुर्लक्ष व्हायचं. नव्या लायब्ररीत ‘एक डॅश एक’ आधी. अपग्रेडनंतर लावलेली प्रत्येक फाइल नव्याने लावून घेणं हाच इलाज.

एकसारखं दिसतं, पण एक नाही

लोकेल बरोबर लागूनही दोनचार नावं हट्टाने चुकीच्या जागी राहिली तर त्यांचे संकेतांक छापून बघा. मराठीत ॲ तीन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: ०९७२ हे एकसंध अक्षर, अ ला चंद्राची मात्रा जोडून, म्हणजे ०९०५ आणि ०९४५, आणि तिसरा ऍ हा ०९०डी. पहिले दोन पडद्यावर एकसारखे दिसतात, पण युनिकोडच्या नियमांनुसार ते समतुल्य नाहीत, त्यामुळे नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणण्याच्या प्रक्रियेनेही, एक होत नाहीत. तिथे स्वतःच बदल करावा लागतो. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातील वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वर म्हणून घेतलेले आहेत. मी तिन्ही रूपं ०९७२ मध्ये आणतो, आणि तेही डेटा आत येतानाच.

‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधल्या ऱ्य चंही तसंच. कुणी ०९३१ चा ऱ घेऊन हलन्त देतं, कुणी साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदी जोडक लावतं. क्ष मध्येही असा जोडक घुसलेला असू शकतो. स्ट्रकम्पला हे सगळे वेगळे शब्द आहेत. सी च्या मानक लायब्ररीत नॉर्मलायझेशन नाही, त्यासाठी लिबयुनिस्ट्रिंग किंवा आयसीयू ही युनिकोडची वेगळी लायब्ररी लागते.

कायमचं सोडवायचं असेल तर

सर्व्हर तुमच्या ताब्यात नसेल, किंवा प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि आल्पाइन अशा सगळीकडे तोच क्रम देत असायला हवा असेल, तर सिस्टिमच्या लोकेलवर विसंबू नका. आयसीयू घ्या. त्यातला क्रम सीएलडीआरच्या, म्हणजे युनिकोडने जमवलेल्या भाषावार नियमांच्या संग्रहाच्या, नियमांवर चालतो आणि मराठीच्या नियमात ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असंच लिहिलेलं आहे. कोलेटर, म्हणजे त्यातला तुलना करणारा भाग, ‘एमआर’ नावाने उघडायचा आणि आयसीयूची आवृत्ती प्रोग्रामसोबत बांधून ठेवायची. प्रोग्रामचा आकार वाढतो हे खरं, पण मशीननुसार क्रम बदलण्याचा प्रश्न मिटतो.

यादी फक्त मराठी आणि थोड्या इंग्रजीची असेल तर स्वतःची क्रम-किल्ली बनवणंही अवघड नाही. देवनागरीचे अवघे १२८ संकेतांक, त्यांचा एक तक्ता पुरतो. मजकूर यूटीएफ-८ मधून एकेक संकेतांक वाचत जायचं आणि प्रत्येकाला तक्त्यातलं वजन द्यायचं. ळ ला ह नंतरचं वजन. क, हलन्त, ष सलग आले तर तिघांना मिळून एकच वजन, ज, हलन्त, ञ यांनाही तसंच. शून्यरुंदी जोडक वगळायचा, ॲ ची तिन्ही रूपं एकाच वजनाला न्यायची. मग किल्ल्या स्ट्रकम्पने ताडायच्या. छोट्या यादीसाठी मला हाच मार्ग आवडतो, कारण तो कोणत्याही मशीनवर, कोणत्याही लोकेलमध्ये तेच उत्तर देतो आणि नियम कोडमध्ये वाचता येतो.

त्याआधी एक निर्णय यादी वापरणाऱ्यांकडून घ्या. क्ष ला स्वतंत्र अक्षर मानलं तर तो शब्दाच्या मधेही स्वतंत्र राहतो: पक्का, पगार, पहाट आणि मग पक्षी. क मध्येच ठेवला तर पक्का, पक्षी, पगार, पहाट. दोन्ही पद्धती वापरात आहेत. ग्रंथालयाला त्यांची जुनी छापील यादी मागा, ती कशी लावली आहे ते पाहा आणि तक्ता त्याप्रमाणे भरा. सुरुवातीच्या त्या चार ओळींत पक्का, पक्षी, पगार, ॲलोपॅथी आणि होमिओपॅथी हे शब्द घालून ती फाइल अपेक्षित क्रमासह प्रोग्रामच्या चाचण्यांमध्ये ठेवा, आणि क्रॉनच्या कामात यादी छापण्याआधी ती दररोज चालू द्या. क्रम जुळला नाही तर यादी छापायची नाही, संदेश पाठवायचा.